वाकडीची धार

करुणाच्या घरात एकतीस वस्तरे होते, आणि त्यातल्या एकानंही धड दाढी होत नव्हती.

दिसायला मात्र एकेक बघत राहावा असा होता. कुणाची मूठ शिंगाची, कुणाची शिसवीची, कुणाची पिवळ्या पडलेल्या हस्तिदंतासारखी. पाती अशी उजळलेली, की चेहरा बघून कुंकू लावावं. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथं करुणा तपासणी विभागात होती. दिवसभर नव्या लोखंडातले दोष शोधायचे, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक निघाली तरी तो भाग बाजूला काढायचा, हे तिचं काम. आणि सुट्टी आली की डाळजच्या घरी ओसरीवर बसून जुन्या लोखंडाचा गंज उतरवायचा, हा तिचा नाद. भिगवणचा भंगारवाला तिला ओळखायला लागला होता. इंदापूरच्या बाजारात एक म्हातारा मोडक्या कात्र्या आणि वस्तरे तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवायचं, मग बारीक पॉलिश पेपर, मग आणखी बारीक, मग पेस्ट. गंजाखालून कधी फूल निघायचं, कधी परमुलखातल्या गावाचं नाव. ते अक्षर हळूहळू वर यायला लागलं की करुणा श्वास धरून बसायची.

या नादाला कारण होता पहिला वस्तरा. तो तिच्या आजोबांचा, बाजीरावांचा.

सहा वर्षांपूर्वी आजी गेली, लक्ष्मीबाई. तिची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी, लुगड्यांच्या खाली, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला तो निघाला. करुणाचे वडील सोमनाथ एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, पस्तीस वर्षं त्यांनी इंजिनं उघडली आणि मिटली. फारसं बोलणारा माणूस नव्हे. पण फडकं सुटलं तसा त्यांनी तो वस्तरा हातात उचलून घेतला.

"अण्णा, काय आहे हे?"

"आपल्या सगळ्या वस्तीची दाढी हाय ती," सोमनाथ म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. उजनी धरणाच्या पाण्यात गेलं ते भीमेकाठचं जुनं गाव. त्या गावचा न्हावी म्हशी भादरायचा, पण यांच्या माणसांना हात लावायचा नाही. बाजीराव मोठ्या लढाईच्या काळात फौजेत होते. कामठीच्या छावणीबाहेर त्यांनी हा वस्तरा घेतला आणि गावी आल्यावर दर रविवारी लिंबाखाली बसून सगळ्या वस्तीची दाढी केली. ना शिकलेले, ना कुणी शिकवलेलं. छपन्न साली धम्म स्वीकारला त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी साठ माणसं गुळगुळीत केली होती म्हणे.

"आणि धार कोण लावायचं?"

"धार?" सोमनाथ हसले. "बाबा म्हनायचे, फौजेचं पोलाद हाय, ह्याची धार जात न्हाई. आन् खरंच जात नव्हती. मला चांगलं आठवतंय, लोण्यासारखा फिरायचा."

करुणा लोखंडातली होती. धार जात नाही असं पोलाद पृथ्वीवर नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिनं तो वस्तरा उजळला. तडकलेल्या शिंगाच्या मुठीला आतून पट्टी दिली, नवी पितळी खीळ ठोकली. पात्याच्या शेपटीच्या खालच्या अंगाला कुणीतरी खरवडलेले चार आकडे होते, तेवढे तिनं पुसू दिले नाहीत. सगळं झालं, फक्त धार येईना. पातं किंचित पिळलेलं होतं. सपाट दगडावर ठेवलं की टाच टेकायची तर टोक अधांतरी, टोक टेकवावं तर मध्येच उजेड दिसायचा. करुणानं परदेशी दगड मागवले, चामड्याचे पट्टे आणले, फोनवर शंभर व्हिडिओ बघितले. एकदा सोमनाथांनी हौसेनं गालावर फिरवून बघितला आणि रक्त पुसत म्हणाले, "पोरी, शोभेलाच ठेव."

बाकीच्या वस्तऱ्यांनाही तिच्या हातून खरी धार कधी आलीच नव्हती. पण त्यांचं तिला एवढं लागत नव्हतं.

यंदाच्या माघात ती बारामतीला एका सलूनमध्ये गेली. मालक कुंडलिक, साठीला आलेले. त्यांच्या वडिलांच्या धोकटीत जुने वस्तरे आहेत, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. न्हाव्याची ती चामड्याची पिशवी, धोकटी, त्यांनी वरच्या फळीवरून काढली आणि तिच्यापुढं ठेवली.

"न्या ताई. आमी आता ब्लेडचं अर्धं पान घालतो न् फेकून देतो. ह्याला धार लावायची कुनाला येतीय?"

"तुमच्या वडिलांना येत असेल ना?"

"वडलांना?" कुंडलिक जरा घुटमळले. गिऱ्हाइकाच्या मानेवरचा टॉवेल उगाच सारखा केला. "आता सांगायला हरकत न्हाई. धार आईची असायची. वडील नुसते फिरवायचे. आसपासच्या धा-बारा गावचे न्हावी वस्तरे टाकून जायचे, त्यांना वाटायचं सावळाराम लावतोय. लावायची आई."

"त्या आहेत?"

"हायेत की. लोणी भापकरला, थोरल्या भावाच्यात. दिसत न्हाई फारसं. पन जीभ शाबूत हाय."

पुढच्या रविवारी करुणानं गाडी काढली. कुंडलिक बारामतीला तिच्या गाडीत बसले. लोणी भापकरला घर गावाबाहेर, ज्वारीच्या रानाकडेला होतं. कुंडलिकांची आई, प्रयागबाई, अंगणात पोत्यावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. वय पंच्याऐंशीच्या आसपास, अंगानं काटकी, डोळ्यांवर दुधासारखा पडदा. कुंडलिकांनी ओळख करून दिली, "आये, ह्या करुणाताई. कारखान्यात सायबीन हायेत. वस्तरं गोळा करत्यात."

"बाईमानूस? वस्तरं?" प्रयागबाई हसल्या. "मग माझ्यावानीच येडी हाय म्हनायची. आन हिकडं हात."

त्यांनी करुणाचा तळहात चाचपला, अंगठ्याचं पेर दाबून बघितलं. "गंज काढतीस. पन निसन्यावर बसलेली न्हाईस."

निसणा म्हणजे धार लावायचा दगड. त्यांचा निसणा आतून आणवला गेला. करुणानं बघितलं तर तिच्या सगळ्या सपाट, रुंद, महागड्या दगडांपुढं तो काहीच नव्हता. दोन बोटं रुंद, वीतभर लांब, काळसर हिरवा, आणि पाठीवर मध्यभागी किंचित फुगीर. साठ-सत्तर वर्षांच्या घासण्यानं त्याच्यावर रेशमासारखी साय आली होती.

आधी करुणानं साधा एक वस्तरा पुढं केला. म्हातारीनं दगड गुडघ्यावर घेतला, वाटीतल्या पाण्याचे दोन थेंब बोटानं सोडले, आणि पातं फिरवायला सुरुवात केली. डोळे मिटलेले, मान एका अंगाला झुकवलेली. सुर्र, सुर्र. आधी आवाज खरखरीत होता. मग त्यातली खर गेली. मग तो एवढा बारीक झाला, की रानातल्या पाखरांच्या आवाजात हरवायला लागला. तेवढ्यात हात थांबला.

"झालं."

"कसं कळलं आजी?"

"बोलायची थांबली की झालं."

पाच मिनिटं लागली नव्हती. करुणानं हाताच्या लवेवर पातं टेकवलं. दाबलं नाही, नुसतं टेकवलं. लव आपोआप गळून पडली. आता भीत भीतच तिनं आजोबांचा वस्तरा पिशवीतून काढला.

"हा जरा अवघड आहे आजी. पातं पिळलंय."

प्रयागबाईंनी पातं उघडलं, दगडावर ठेवलं, एक हात मारला आणि त्या थांबल्या. पुन्हा एक हात मारला. मग पातं उचलून त्यांनी अंगठा शेपटीखाली नेला, करुणानं जपलेल्या त्या चार आकड्यांवर. आंधळ्यानं नाण्याचं तोंड ओळखावं तसा तो अंगठा फिरत राहिला.

"मला आकडं येत न्हाईत," त्या हळू म्हणाल्या. "पन हितं कोयत्यागत एक हाय. मग दोन वाटोळी. मग एक काठी."

करुणानं बघितलं. सात, शून्य, शून्य, एक. आजोबांचा फौजेतला नंबर, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजून आजी ज्याला 'साहेबांचा आकडा' म्हणायची तो.

"ही वाकडी हाय," प्रयागबाई म्हणाल्या. "अगं बया, ही माजी वाकडी हाय! पोरी, हिची मालकीन कुठं हाय? लक्षुमी कुठं हाय?"

कुंडलिक एकदा आईकडं बघत होते, एकदा करुणाकडं.

"ती माझी आजी," करुणा म्हणाली. "गेली. सहा वर्षं झाली."

प्रयागबाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही. वस्तरा तेवढा मिटला आणि दोन्ही हातांत धरून मांडीवर ठेवला. मग बोलायला लागल्या.

दोघी एकाच गावच्या. भीमेच्या पाण्याखाली गेलेल्या त्याच. न्हाव्याची सून असली तरी सुगीत खुरपायला जावंच लागायचं, आणि लक्ष्मीबाईही त्याच मळ्यात यायची. दुपारी भाकरी खायला सगळ्या बाया आपापल्या झाडाखाली बसायच्या. एके दिवशी बांधावर दोघीच मागं राहिल्या तेव्हा लक्ष्मीबाईनं विचारलं होतं, माझ्या मालकाचा वस्तरा बोथट झालाय, माणसांच्या गालातनं रक्त निघतंय, जोंधळ्याच्या पायलीवर धार लावून मिळंल का?

"मी म्हनलं, पायली नगं. भाकरीच्या फडक्यात गुंडाळून आन. सासरा जिता होता. त्याला कळलं असतं तर मला दाराबाहेर काढली असती. म्हैन्यातनं एकदा ती फडकं बांधावर इसरून जायाची. मी उचलायची. दुसऱ्या दिवशी मी इसरायची. पंधरा वर्सं, पोरी. पानी येऊन गाव उठलं तवर."

"आणि सावळारामबाबा? त्यांना माहीत नव्हतं?"

"एकदा आले अवचित घरी. मी वाकडीवर बसले हुते. आमच्या धोकटीतली न्हवं, हे त्यांनी एका नजरंत वळखलं. काय बोलले न्हाईत. तसेच भायेर गेले. दुसऱ्या दिवशी बघते तर निसन्यापाशी पान्याची वाटी भरून ठिवलेली. तवापास्नं रोज भरून ठिवायचे. बापाम्होरं बोलायची छाती न्हवती त्यांची. वाटी भरायची हुती."

कुंडलिक उठले आणि रानाकडं तोंड करून उभे राहिले. साठ वर्षांत त्यांनी हे ऐकलं नव्हतं.

मग प्रयागबाईंनी वाकडीला धार लावली. करुणा पुढं सरकून, श्वास धरून बघत राहिली. सरळ पात्यासाठी हात जसा सरळ जातो तसा तो आता जात नव्हता. टाचेपाशी मनगट किंचित खाली, मध्यावर आडवं, टोकाला येताना कोपर अलगद वर. पाळणा हलावा तसं. दगडाची फुगीर पाठ आणि पात्याचा पीळ एकमेकांना शोधत जायचे आणि कुठंच उजेड राहायचा नाही. करुणानं सहा वर्षं ज्याला दोष म्हटलं होतं, त्याच्याशी ही म्हातारी बोलत बसली होती. पन्नास वर्षांनी हातात आलेलं पातं, डोळ्यांना दिसत नाही, तरी मनगटाला प्रत्येक वळण पाठ. शेवटी दगड खाली ठेवून त्यांनी आपल्या तळहातावर पातं उलटं-सुलटं फिरवलं. डोक्यातला एक पांढरा केस तोडला, हवेत धरला आणि पात्यावर सोडला. केसाचे दोन झाले. पडताना आवाज नाही, काही नाही.

करुणानं वाकून म्हातारीच्या पायाला हात लावला.

"पाया काय पडतीस?" प्रयागबाई म्हणाल्या. "ह्याच्यात काय हाय? सवय हाय."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, साहेबांची परवानगी घेऊन करुणानं ते पातं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. तिचे स्वतःचे वस्तरे तिनं कितीदा असे बघितले होते. करवतीसारखे दात, खांडं, ओरखडे. आता पडद्यावर एक काळोख होता आणि एक उजेड, आणि दोन्हींच्या मध्ये एक रेघ. वारा नसलेल्या सकाळी उजनीचं पाणी आभाळाला भिडतं तिथं असते तशी. तिनं आकार वाढवला, आणखी वाढवला. रेघ तशीच. शेजारच्या टेबलावरची रेश्मा डबा सोडून बघायला आली.

"कुठल्या मशीनवर केलंय गं?"

"गुडघ्यावर," करुणा म्हणाली.

घरी सांगणं एवढं सोपं नव्हतं. सोमनाथांनी सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाले, "फौजेचं पोलाद!" आणि त्यांना हसू आलं, पण ते पुरं होईना.

"बाबा मरेपर्यंत छाती काढून सांगायचे. आई शेजारी भाकरी थापत असायची. एका शब्दानं बोलली न्हाई कधी. नवऱ्याचा मानही ठेवला न् त्या बाईचं गुपितही." मग त्यांचा आवाज चढला. "पन एक सांगतो करुणा. त्या घरच्या वाटीनं माझा राग धुऊन न्हाई निघायचा. मी बावीस वर्षांचा हुतो तवा भिगवणच्या सलूनमधी पैल्यांदा खुर्चीवर बसलो. घाम फुटला हुता मला. वाटत हुतं, आता हा गाव विचारंल, मग नाव विचारंल, न् मग उठ म्हनंल. त्यानं काय विचारलं न्हाई. तरी माझे पाय थरथरत हुते. त्याचं काय?"

"त्याचं काहीच नाही अण्णा," करुणा म्हणाली. "ते तसंच आहे. पण त्या म्हातारीनं एक बोलून दाखवलंय. त्या म्हणाल्या, पंधरा वर्षं धार लावली, पण त्या धारेनं दाढी झालेलं तोंड मी एकदाही बघितलं न्हाई."

शनिवारी करुणाच्या लक्षात आलं, की गेले चार दिवस त्यांनी दाढी केलेली नाही.

रविवारी कुंडलिक आईला घेऊन डाळजला आले. प्रयागबाई उंबऱ्यापाशी थबकल्या. "लक्षुमीच्या घरात मी कंदी आले न्हाई," म्हणाल्या. "तिनंबी बोलावलं न्हाई, मीबी आले न्हाई. तवा येता येत न्हवतं." सोमनाथ पुढं झाले. त्यांनी म्हातारीचा हात धरला आणि उंबरा ओलांडून दिला. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्या खाली बाजीराव आणि लक्ष्मीबाईंचा फोटो. दिसत नव्हतं, तरी प्रयागबाई फोटोच्या काचेजवळ तोंड नेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या.

ओसरीवर खुर्ची मांडली. सोमनाथ बसले. कुंडलिकांनी गरम पाणी मागितलं, साबणाचा फेस केला, गालांवर लावला. इथवर त्यांचा हात रोजच्यासारखा चालला. मग करुणानं वाकडी पुढं केली आणि कुंडलिकांनी ती घेतली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला.

"सोमनाथराव, खरं सांगतो. चाळीस वर्सं धंदा केला, पन खऱ्या पात्याला मी कंदी हात लावला न्हाई. भ्या वाटतंय."

"मला न्हाई वाटत," सोमनाथ म्हणाले आणि त्यांनी मान मागं टेकवली. "हिची दाढी मी ल्हानपनी दर रविवारी बघितलीया. फिरवा."

पातं कानाच्या पाळीपासून खाली आलं. करुणाला फक्त एक अगदी बारीक आवाज ऐकू आला, कोवळ्या ज्वारीचं पान बोटांतून ओढावं तसा. फेस निघाला आणि त्याच्या मागं सोमनाथांचा गाल उघडा पडत गेला, सावळा, स्वच्छ. कुंडलिकांच्या तोंडून "आई शप्पथ" एवढंच निघालं. त्यांनी पात्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि पुन्हा पातं लावलं. दुसऱ्या गालापर्यंत त्यांचा हात स्थिर झाला होता. हनुवटी, वरचा ओठ, गळा. सोमनाथांनी डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी येऊन फेसात मिसळत होतं, आणि त्यांनी ते पुसायला हात वर केला नाही.

दाढी झाली. तोंड पुसलं. प्रयागबाई भिंतीला धरून उठल्या, खुर्चीपाशी आल्या.

"हात लावू का बाबा?"

"लावा की."

वाळलेला, दगडासारखा गुळगुळीत तळहात सोमनाथांच्या गालावर आला. कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश फिरला, मग दुसऱ्या गालावर गेला. करुणाला वाटलं, निसण्यावर बसलेली असताना झुकते तशीच म्हातारीची मान आत्ताही झुकली आहे. ती ऐकतच होती काहीतरी. बोटं हनुवटीखाली गेली, गळ्यापाशी थांबली, तिथल्या तिथं दोनदा मागंपुढं झाली.

"कुंडलिक," प्रयागबाई म्हणाल्या, "हितं ऱ्हायलंय. पुन्यांदा साबन लाव."

कुंडलिकांनी ब्रश पाण्यात बुडवला. सोमनाथांनी मान आणखी जरा वर केली.